पंखा बंद

"आधी पंखा बंद कर," दस्तगीरभाई म्हणाले,
"मग मशीन बघ."

मे महिना, दुपारचे तीन,
अक्कलकोट रोडला एमआयडीसीत
पत्र्याखाली कोंडून बसलेलं ऊन.
मी खटका खाली केला.
पाती हळूहळू मोजता येऊ लागली, तीन.

मशीन निळं, दोनशे अँपिअरचं,
एका कोपऱ्याला पोचा,
आकडे अंगठ्यानं पुसून गेलेले.
मी कागदावर प्रश्न लिहून आणले होते:
टॉर्च किती तापते, केबल कुठं सोललीय,
रेग्युलेटर अडकतो का, बिल आहे का.
बिल नव्हतं.
न विचारलेला दोष त्यांनीच सांगितला:
"चाप दाबला की कधी पेटतं, कधी रुसतं.
रुसलं की टेकवून उचलायचं.
आणि ॲल्युमिनियमचं नाव काढू नकोस,
ते ह्याच्या बापाला जमणार नाही.
शिकणाऱ्याला लोखंड आणि एसएस पुष्कळ झालं बे."

"आर्गॉन काय करतो?" मी विचारलं.
"काहीच करत नाही.
म्हणून तर त्याचे पैसे मोजायचे.
नुसता उभा राहतो, हवेला आत येऊ देत नाही.
पंखा लावलास की तो गेला."

मग काच खाली.
ठिणगी नाही, तडतड नाही,
बारीक सुस्कारा, आणि लोखंडात एक डबकं, नखाएवढं.
एकवीस वर्षं मागाच्या खडखडाटात घालवलेला माझा कान
आवाज शोधत राहिला.

माझी पाळी. टोक डबक्यात बुडालं, चिकटलं.
"घास. उभं घास, आडवं नको."
पुन्हा चिकटलं. पुन्हा घासलं.
घाम काचेच्या आतून ओघळत होता.
"डाव्या हातानं तार दे. थेंब दे, माघार घे.
घाई कुणाला आहे?"

आणि तेव्हा आई आठवली,
तिचा चेहरा नाही, बोटं आठवली.
सांधणीला बसायची ती,
जुन्या ताण्याच्या टोकाला नवं टोक,
चिमटीत राख, एक पीळ, पुढचा धागा,
दोन हजारांवर धागे एका बैठकीत.
धागे उडतात म्हणून पंखा बंद.
आम्ही पोरं खटक्याकडं हात न्यायचो
आणि ती मान वर न करता म्हणायची, "वद्दु."
नको, एवढंच. कारण कधी सांगितलं नाही.

चहा आला.
दस्तगीरभाईंच्या हातात बशी वाजू लागली,
बारीक, सतत, कपाला दात फुटल्यागत.
त्यांनी दोन्ही हातांनी धरली, तरी वाजली.
मशीन का विकताय
हा माझ्या कागदावरचा शेवटचा प्रश्न होता.
मी कागद घडी करून खिशात घातला.

तरीही घासाघीस केली.
सोळा सांगितले होते, साडेचौदाला तोडलं.
आता कुणी विचारलं तर
हेही सांगायला हवं.

निघताना त्यांनी पितळी डबी दिली,
आत सहा टंगस्टन, सगळे टोक काढलेले,
सुईसारखे, उभे घासलेले.
हात कापायच्या आधीचे असणार.

रिक्षात मशीन मांडीवर घेतलं.
विडी घरकुलापर्यंत प्रत्येक खड्ड्यात
मीच दचकत होतो.
सुगुणानं आधी पोच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं:
"बिल?"

सिलिंडर भाड्यानं आणायला आठवडा गेला.
काल रात्री पडवीत
जुन्या मागाची पट्टी दोन तुकडे करून मांडली,
अर्थ लावली, साठवर ठेवलं.
घरातल्या दिव्यानं जरा मान खाली घातली.
पडवीच्या पंख्याखाली पोरं झोपली होती.
मी खटका बंद केला.
धाकटी कूस बदलून कुरकुरली, "नाना, पंखा..."
"वद्दु," मी म्हणालो.

पहिला सांधा
कोंबडीनं उकरल्यासारखा झाला.
मधे एक इंच, जेमतेम इंचभर,
नाण्यावर नाणं सरकवल्यासारखी ओळ,
आणि मग टोक चिकटलं.

घासायला घेतलं. उभं.